एकट्याने लढायची लढाई: ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेम कसा मांडावा आणि कसा खेळावा

समोर दुसरा खेळाडू नसेल तर वॉरगेम खेळण्यात अर्थ नाही, असे अनेकांना वाटते. रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या दोन फौजा कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात त्या याच समजुतीपायी. खरे तर हा छंद एकट्याने उत्तम जोपासता येतो. मात्र दोन्ही बाजूंच्या चाली आलटून पालटून स्वतःच केल्या की झाले, असे नाही. तसे केले तर तिसऱ्या-चौथ्या चालीलाच रस आटतो. शत्रू बगलेवर येणार हे तुम्हीच ठरवलेले असते, मग ती बगल तुम्ही उघडी कशाला ठेवाल?

यावर उपाय म्हणून लोक जमेल तिथे फासे टाकू लागतात. हवामानासाठी फासा, निरोप्यासाठी फासा, सेनापतीच्या मूडसाठीही फासा. त्यातून लढाई उभी राहत नाही, नुसता गोंधळ उभा राहतो. माझ्या मते एकट्याच्या खेळाचे सगळे कसब एका प्रश्नात आहे: फासा नेमका कुठे टाकायचा? त्या लढाईतल्या त्या सेनापतीला जे ठाऊक नव्हते आणि जे त्याच्या हातात नव्हते, तेवढेच फाशाच्या किंवा पत्त्यांच्या हवाली करायचे. बाकी सगळे आपल्या डोक्याने. प्रत्येक लढाईतली अनिश्चितता वेगळी असते, त्यामुळे सगळ्या लढायांना चालणारा एकच तक्ता शोधत बसण्यात हशील नाही.

आधी पंच व्हा

आधुनिक वॉरगेमची मुळे प्रशियाच्या सैन्यात आहेत. राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेवर काम करून १८२४ साली ‘क्रीगश्पील’ची नियमावली सिद्ध केली. त्यात १:८००० प्रमाणाच्या नकाशावर सैन्ये हलत आणि एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. पण खरी गोम पंचात होती. खेळणारे अधिकारी आपले हुकूम लिहून पंचाकडे देत, सोंगट्या पंच हलवी आणि ज्याच्या तुकडीला जे दिसू शकेल तेवढेच त्याला सांगे.

एकट्याने खेळताना हा पंच तुम्हीच असता. बसण्यापूर्वीच मनाशी ठरवा की मी एका बाजूचा सेनापती आहे, आणि दुसऱ्या बाजूचा सेनापती नसून पंच आहे. शत्रूसाठी ‘मी काय करू?’ असे विचारायचे नाही. ‘त्याच्या जागी असलेल्या शहाण्या माणसाने काय केले असते, आणि ते किती खात्रीने केले असते?’ असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाने खेळ तुमच्या सोयीने वाकतो, दुसऱ्याने वाकत नाही.

सामान

याची फार चर्चा करण्याची गरज नाही. सैनिक ६ मिमीपासून २८ मिमीपर्यंत (ही सैनिकाची उंची) अनेक मापांत मिळतात, शिवाय १/७२ मापाचे प्लास्टिकचे सैनिकही आहेत. दोन्ही फौजा तुम्हालाच रंगवायच्या असल्याने ६, १० किंवा १५ मिमी सोयीचे पडतात. २८ मिमी दिसायला देखणे, पण दोन पूर्ण फौजा उभ्या करायच्या तर चिकाटी लागते. माप कोणतेही घ्या, प्रत्येक पथकाच्या बेसची, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या तळपट्टीची, दर्शनी रुंदी एकसारखी ठेवा. बहुतेक नियमावल्यांना तेवढे पुरते. सैनिक तयार होईपर्यंत पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर पथकांची नावे लिहून खेळलात तरी लढाई तीच राहते.

९० सेंमी लांब-रुंद पट पुरेसा आहे. त्यावर साधे सहा बाजूंचे फासे, मोजपट्टी, पत्त्यांचा एक जोड आणि एक वही. वही विसरू नका, तिच्याकडे पुढे येतो. पट दोन-तीन दिवस जागचा हलवावा लागणार नाही अशी जागा मिळाली तर फारच उत्तम, कारण एकट्याने खेळण्याची मोठी चैन म्हणजे कोणाची वाट न पाहता दोन चाली आज आणि दोन उद्या खेळता येणे.

नियमावली कशी निवडावी

दोन खेळाडूंसाठी लिहिलेली बहुतेक नियमावली एकट्याला चालते, फक्त काही प्रकार टाळा. दोन्ही बाजूंनी गुपचूप हुकूम लिहून एकदम उघडायचे असतील, बोली लावायची असेल किंवा हातातले पत्ते एकमेकांपासून लपवायचे असतील, तर तो खेळ एकट्याला जमत नाही. उलट, ज्या नियमांत पथके मार खाल्ल्यावर आपणहून प्रतिक्रिया देतात, म्हणजे फाशावरून डगमगतात, मागे सरतात किंवा त्वेषाने पुढे जातात, ते नियम एकट्यासाठी सोन्यासारखे. तिथे पंचाचे निम्मे काम नियमच करतात.

दर चालीला किती पथके हलवता येतील हेच फाशावर ठरवणारे नियमही चांगले. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांसाठी १९९० साली आलेली ‘डे बेलिस अँटिक्विटॅटिस’ ऊर्फ ‘डीबीए’ याचे चांगले उदाहरण. दोन्हीकडे बाराच घटक, म्हणजे पथके, आणि प्रत्येक चालीच्या सुरुवातीला एक फासा सांगतो की या खेपेला किती घटक किंवा गट हलवता येतील. एक पडला की मनातला बेत मनातच राहतो.

पहिली लढाई: तुम्ही चढाई करा, बचाव यंत्रणेकडे द्या

सुरुवातीलाच खुल्या मैदानात दोन्ही फौजा समोरासमोर आणू नका. बचाव करणाऱ्याला निर्णय थोडे घ्यावे लागतात: टिकायचे, मागे सरायचे, की राखीव दल पुढे आणायचे. तेवढे दोन-तीन फाशांत बसते. चढाई करणाऱ्याला मात्र कुठून, केव्हा, कशाने असे दर चालीला दहा प्रश्न पडतात. ते तुमच्याकडेच असू द्या.

मी प्लान्सनुआची लढाई सुचवतो. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियन वेलिंग्टनशी झुंजत असताना ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य पूर्वेकडून आले. लानच्या खोऱ्यातल्या चिखलातून तोफा ओढत ब्यूलोचे दल दुपारी साडेचारच्या सुमारास ‘पॅरिसचे रान’ नावाच्या जंगलातून बाहेर पडले आणि फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर, प्लान्सनुआ गावाच्या दिशेने तुटून पडले. समोर फ्रेंच सेनापती लोबोचे दल होते. गाव हातचे जाऊ लागले तसे नेपोलियनने आपल्या राखीव शाही रक्षक दलातल्या यंग गार्डला धाडले, आणि तेही रेटले गेल्यावर ओल्ड गार्डच्या दोन बटालियन. त्यांनी संगिनी रोखून गाव परत घेतले. संध्याकाळी पिर्शच्या दलातली ताजी माणसे आल्यावर ते कायमचे प्रशियनांकडे गेले. गावाच्या मधोमध भिंतीने वेढलेली दफनभूमी आणि चर्च होते. सगळी मारामारी तिथेच केंद्रित झाली.

ब्ल्यूखरला त्या दुपारी काय ठाऊक नव्हते? आपली मागची पथके चिखलातून केव्हा पोहोचतील, हे एक. नेपोलियन आपले राखीव गार्ड इकडे केव्हा पाठवेल, आणि पाठवेल की नाही, हे दुसरे. फासे याच दोन ठिकाणी.

मांडणी

पूर्वेची कड म्हणजे रान. गाव पटाच्या मध्यापासून थोडे पश्चिमेला, नैर्ऋत्येकडे. त्याचे तीन भाग करा: चर्च आणि दफनभूमी, उत्तरेची घरे, दक्षिणेच्या बागा. एका भागात एका वेळी एकच पथक राहू शकते. दफनभूमीच्या भिंतीला तुमच्या नियमांतला सगळ्यात चांगला आडोसा द्या.

फ्रेंचांकडे सुरुवातीला पायदळाची चार पथके, लोबोच्या दोन डिव्हिजनना प्रत्येकी दोन, शिवाय एक घोडदळ आणि एक तोफखाना. एक पथक गावात, बाकी गावाच्या उत्तरेच्या उंचवट्यावर पूर्वेकडे तोंड करून. यंग गार्डची दोन आणि ओल्ड गार्डचे एक पथक पटाबाहेर. तुमच्याकडे, म्हणजे प्रशियनांकडे, लोस्थिनची १५ वी ब्रिगेड उत्तरेला, हिलरची १६ वी दक्षिणेला, प्रत्येकी दोन पथके, त्यांच्यासोबत एक घोडदळ आणि एक तोफखाना. हाकेची १३ वी, रिसेलची १४ वी आणि पिर्शची माणसे, प्रत्येकी दोन पथके, अजून वाटेत आहेत.

एक फेरी म्हणजे अर्धा तास. साडेचारपासून साडेआठपर्यंत आठ फेऱ्या.

हाके आणि रिसेल यांच्यासाठी दुसऱ्या फेरीपासून वेगवेगळा फासा टाका. दुसऱ्या फेरीला ५ किंवा जास्त हवेत, तिसरीला ४, चौथीला ३, पाचवीला २, आणि सहावीला फासा न टाकताच ते पोहोचतात. पिर्शसाठी चौथ्या फेरीला ६ हवेत, पाचवीला ५, असे उतरत जा.

पत्ते

प्रत्येक ब्रिगेडला किंवा गटाला एक पत्ता. प्रशियन लाल, फ्रेंच काळे, आणि कोणता पत्ता कोणाचा ते वहीत लिहून ठेवा. सुरुवातीला तीन लाल आणि तीन काळे. त्यात दोन जोकर मिसळून जोड पिसा. पत्ता निघेल त्याची चाल, दुसरा जोकर निघाला की फेरी संपली. मग सगळे पत्ते पुन्हा एकत्र करून पिसायचे. पटावर नवे दल आले की त्याचा पत्ता पुढच्या फेरीपासून जोडात.

दोन जोकरांमुळे सरासरी दोन तृतीयांश पत्तेच निघतात, म्हणजे सहांपैकी चार. एकच जोकर ठेवून तो निघताच फेरी संपवली तर जेमतेम निम्मे. दोन्ही करून पाहा. एका जोकराने लढाई फार अडखळते असे मला वाटते, पण हुकूम पोहोचायला वेळ लागणाऱ्या विस्कळीत फौजांसाठी तोच योग्य. कोणत्या गटाची चाल राहून जाईल हे सांगता येत नाही, आणि ही एकच गोष्ट एकट्याच्या खेळाला जितका जिवंतपणा देते तितका कोणताही भला मोठा तक्ता देत नाही.

फ्रेंच कसे वागतील

काळा पत्ता निघाला की त्या गटासाठी एक फासा. १ किंवा कमी आले तर निम्म्याहून जास्त मार खाल्लेली पथके एक चाल मागे हटतात, बाकीची जागेवरून गोळीबार करतात. २–३ आले तर सगळा गट जागेवरून गोळीबार करतो. ४–५ आले तर जवळचे पथक सरकून सगळ्यात अडचणीतल्या पथकाला आधार देते, मग गोळीबार. ६ किंवा जास्त आले तर गट समोरच्या सगळ्यात जवळच्या शत्रूवर उलट हल्ला चढवतो.

फाशात बदल तीनच. दफनभूमी प्रशियनांच्या हाती असेल तर एक मिळवा. फासा यंग गार्डसाठी असेल तर एक मिळवा. त्या गटाचे निम्मे बळ गेले असेल तर एक वजा करा. ओल्ड गार्डला फासा नाही, ते आले की चढाईच करतात. दोन लक्ष्ये सारखीच जवळ असतील तर सम-विषमावर सोडवा आणि पुढे चला. यापेक्षा जास्त बारकावे भरण्याचा मोह आवरा. तक्त्याला सातवी ओळ लागली की खेळणारा माणूस पट सोडून कागद खेळू लागतो.

राखीव गार्डचा नियम मात्र नीट पाळा, कारण या लढाईचा जीव त्यात आहे. तिसऱ्या फेरीपासून दर फेरीच्या सुरुवातीला गावाकडे पाहा. दफनभूमी किंवा कोणतेही दोन भाग तुमच्याकडे असतील तर फासा टाका, ४ किंवा जास्त पडले की यंग गार्ड पश्चिमेच्या कडेवरून पटावर येते. गाव धोक्यात नसेल तर त्यासाठी ६ लागतात. यंग गार्ड आल्यावर, पाचव्या फेरीपासून, हाच नियम ओल्ड गार्डला. म्हणजे तुम्ही जितके यश मिळवाल तितके नेपोलियनचे लक्ष तुमच्याकडे वळेल. त्या दिवशी हेच घडले.

जिंकण्याची अटही तशीच ठेवा. आठव्या फेरीअखेर चर्च आणि आणखी एक भाग तुमच्याकडे असेल तर ५ गुण, आणि पटावर ओढून आणलेल्या गार्डच्या प्रत्येक पथकामागे एक, कारण इकडे गुंतलेला प्रत्येक गार्ड वेलिंग्टनवर चालून जात नाही. ६ किंवा जास्त गुण म्हणजे विजय. गाव न मिळता तिन्ही गार्ड पथके गुंतवलीत तर लढाई बरोबरीची धरा.

एक फेरी जवळून

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहू. चौथी फेरी, संध्याकाळचे सहा. हिलरच्या एका पथकाने दफनभूमी घेतली आहे, पण ते निम्मे झाले आहे. यंग गार्ड तिसऱ्या फेरीलाच आले आहे. रिसेलची दोन ताजी पथके मागच्या फेरीला रानातून बाहेर पडली, आणि त्यांना गावात घुसवायचा तुमचा बेत आहे.

पहिला पत्ता लाल, लोस्थिनचा. त्याला तुम्ही उत्तरेकडे लोबोच्या पायदळाशी गुंतवता, म्हणजे तिकडून गावाला मदत जाणार नाही. दुसरा पत्ता जोकर. आता पुढचा जोकर केव्हाही येऊ शकतो. तिसरा पत्ता काळा, यंग गार्डचा. फाशावर ४ पडले. दफनभूमी शत्रूकडे म्हणून एक, यंग गार्ड म्हणून एक, एकूण ६: उलट हल्ला. हातघाईचे फासे पडतात आणि हिलरची माणसे भिंतीवरून मागे फेकली जातात. आता रिसेलचा पत्ता यायलाच हवा. चौथा पत्ता जोकर. फेरी संपली.

रिसेलची दोन्ही पथके शेतात उभी राहून सगळे पाहत राहिली. पुढच्या फेरीला त्यांना दफनभूमीवर धाडायचे, की ओल्ड गार्ड येईल या धास्तीने राखून ठेवायचे? हा निर्णय सर्वस्वी तुमचा, आणि त्याचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नाही. एकट्याच्या खेळात हवा असतो तो हाच क्षण.

दुसऱ्या लढायांसाठी

प्रत्येक लढाईला तोच प्रश्न विचारा, उत्तर वेगळे येईल.

बालाक्लाव्हाला, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, अनिश्चितता हुकुमात होती. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनने लेखी हुकूम दिला, कॅप्टन नोलन तो घेऊन गेला, पण रॅग्लनला उंचावरून दिसणाऱ्या तोफा खाली असलेल्या घोडदळप्रमुख लुकनला दिसतच नव्हत्या. त्याच्या घोडदळातली लाइट ब्रिगेड भलत्याच तोफांवर चालून गेली. इथे हुकूम एका वाक्यात लिहा, आणि तो मिळणाऱ्या सरदाराच्या जागेवरून त्याचे आणखी कोणते अर्थ निघू शकतात तेही लिहून ठेवा. फाशावर १ पडला की चुकीचा अर्थ लागू. लक्ष्य त्याच्या नजरेच्या टप्प्यात नसेल तर १–३.

त्रासिमेनच्या तळ्याकाठी, इ. स. पू. २१७ मध्ये, धुक्यात लपलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमन सैन्याला दिसलाच नाही. अशा लढाईत तुम्ही रोमन व्हा आणि डोंगराच्या बाजूला दहा उपडी चिन्हे पिसून ठेवा, पाचांवर पथकाचे नाव, पाच कोरी. तुमची माणसे जवळ गेली किंवा चिन्ह स्वतःहून हलले की उलटा. कोणत्या खाली काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नसते.

मॅरेंगोला, १४ जून १८००, बोनापार्टने आपला सेनापती देसे याला आधीच दक्षिणेकडे पाठवून दिले होते. दुपारभर फ्रेंच मागे रेटले गेले, आणि देसे संध्याकाळी परतला तेव्हा पारडे फिरले. इथे त्याच्या परतण्याचा फासा सोडून बाकी काही फाशावर सोडण्याची गरज नाही.

आणि शत्रू चढाई करणारा हवा असेल तर त्याच्या तीन योजना वेगवेगळ्या कागदांवर आधीच लिहा: डावी बगल, मध्य, उजवी बगल. प्रत्येकीत कोणते पथक कुठे जमेल आणि कोणत्या फेरीला निघेल ते स्पष्ट असू द्या. घड्या घालून पिसा, आधी स्वतःची मांडणी करा आणि मगच एक उघडा.

वही आणि प्रामाणिकपणा

फासा टाकण्यापूर्वी पर्याय लिहायचे, ही शिस्त सगळ्यात मोठी. आकडा पाहिल्यावर अर्थ लावायला बसलात की मन आपल्या आवडत्या बाजूकडे झुकते, कळतही नाही. नियमात नसलेला प्रसंग आला तर तीन शक्यता लिहा: शहाणपणाची १–४, सावध ५, धाडसी ६. सेनापती इतिहासात उतावळा म्हणून ओळखला जात असेल तर आकडे फिरवा, पण तेही आधीच.

संपूर्ण लढाईत एकदा, फक्त एकदाच, पंच म्हणून निकाल नाकारायची मुभा स्वतःला द्या. ओल्ड गार्ड रिकाम्या शेतावर चालून जायला निघाले तर ते दुरुस्त करायला हरकत नाही. मात्र कारण वहीत लिहायचे. कारण लिहिता आले नाही तर निकाल तसाच राहू द्या.

दर फेरीनंतर दोन ओळी पुरतात: वेळ, कोणता पत्ता राहिला, कोण कुठे मागे हटले. एक फोटो काढून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी पट पुन्हा मांडायलाही मदत होते. शक्य असेल तेव्हा शत्रूच्या चालीसाठी उठून टेबलाच्या पलीकडे जा. तिथून गाव निराळे दिसते, आणि शहाणा माणूस काय करेल या प्रश्नाचे उत्तर तिथून जास्त खरे येते.

लढाई एकदा खेळून सोडू नका. दर वेळी तुम्हीच सहज जिंकत असाल तर यंग गार्ड येण्याचा आकडा ४ वरून ३ करा, आणि एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. मग बाजू बदला: तुम्ही लोबो, आणि ब्यूलोसाठी वर सांगितल्याप्रमाणे तीन योजना. त्या खेळात गार्ड येण्याचा फासा मात्र तसाच ठेवा, कारण राखीव दल केव्हा मिळेल हे लोबोच्याही हातात नव्हते.